वाड्यापासून शिमेपर्यंत : आपल्या गावची ठिकाणनावे कशी नोंदवावीत

आमच्या वाड्याच्या खालच्या अंगाला भाताचा एक तुकडा आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (हा गोव्यातला सात-बाऱ्यासारखा जमिनीचा कागद) ‘शेताचे नाव’ या रकान्यात त्याचे नाव रोमन लिपीत आहे आणि कितीतरी वर्षे मी ते ‘टोलेम’ असे वाचत आलो. अर्थ काही लागत नव्हता. एकदा शेजारच्या काकींबरोबर त्या मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, परतताना सहज विचारले, तर चालता चालताच त्या म्हणाल्या, “तें तळें मरे! पावसांत हांगा कमरेमेरेन उदक रावतालें.”

आज तिथे तळे नाही. वरच्या बाजूला रस्ता आला, व्हाळ (ओढा) वळवला, पाणी साचायचे थांबले. कागदाने फक्त अक्षरे जपली होती. काकींकडे नाव होते, नावामागचे कारण होते आणि पाण्याची खोलीसुद्धा होती. त्या दिवसापासून मी गावची नावे लिहायला बसलो. नाव सुटे लिहायचे नाही, ते घेणाऱ्या माणसासकट आणि वाक्यासकट लिहायचे, हे मी तेव्हा ठरवले आणि पुढचे सगळे त्यातूनच आले. गोव्यात कुणाला आपल्या गावासाठी हे काम करायचे असेल, तर मला उपयोगी पडलेली पद्धत इथे देतो आहे.

आधी हद्द ठरवा

‘आमचो गांव’ म्हणताना आपल्या मनात चार वेगवेगळ्या हद्दी असतात. एक महसुली गाव, ज्याचे सर्व्हे नंबर असतात. दुसरी पंचायत, जिच्यात दोन-तीन महसुली गावे येऊ शकतात; गोव्यात १९१ पंचायती आहेत. तिसरी कोमुनिदाद, म्हणजे जुनी गावकरी. चौथी इगर्जेची, म्हणजे चर्चची, फिर्गज (पॅरिश). बार्देश, तिसवाडी, सासष्टीत फिर्गजेची हद्द फार महत्त्वाची आहे. कुठला वाडा कुठल्या इगर्जेला जातो, कुठल्या खुरसाकडे (क्रुसाकडे) कोण लादाईन (सामूहिक प्रार्थना) करतात, हे तिथले जुने लोक पंचायतीच्या प्रभागापेक्षा अचूक सांगतात. पेडणे, सत्तरी, डिचोलीत हेच काम ग्रामदेवतेच्या तरंगांची नाहीतर पालखीची वाट करते.

चारही हद्दी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि नोंद कोणत्या हद्दीत करणार ते ठरवा. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी गाव घेऊच नका, एकच वाडा घ्या. वाडा नीट झाला की शेजारचे वाडे स्वतःहून बोलावतात.

तालुका प्रत्येक नोंदीत लिहा. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. ‘केरीची राय’ (देवराई) एवढेच लिहून ठेवले, तर वीस वर्षांनी वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार?

कागद वाचायला शिका

घराबाहेर पडण्यापूर्वी तीन कागद जमवा. पहिला, वाड्यातल्या सर्व्हे नंबरांचे एक-चौदाचे उतारे. त्यातला शेताच्या नावाचा रकाना हा आपला खजिना आहे. दुसरा, भूमापन व भूमी अभिलेख खात्याकडचा गावचा सर्व्हे प्लॅन. तिसरा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा; त्यावर डोंगर, व्हाळ, देवळे, इगर्जी दिसतात. घरात पोर्तुगीज काळातले नोंदणीचे दस्तऐवज असतील तर तेही काढा. त्यांत मिळकतीचे नाव आणि पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिणेला काय आहे ते दिलेले असते. एका मिळकतीच्या चार हद्दी वाचल्या की शेजारची चार नावे हाती येतात. हे मला फार उशिरा सुचले.

पुढचे कागद पणजीत आहेत. १५९५ साली दियोगु दु कोतु यांच्याकडे सोपवलेले दप्तर हे आजच्या गोवा पुराभिलेखागाराचे मूळ. तिथे पोर्तुगीज कागदांबरोबर मोडीतलेही कागद आहेत. पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात जुनी राजपत्रे आणि वर्तमानपत्रे बघता येतात. पण तिकडे पहिल्याच आठवड्यात धाव घेऊ नका. गावातली तोंडी नावे हातात नसताना जुना कागद मुका वाटतो.

रोमन लिपीतली नावे वाचण्याच्या काही खुणा पाठ करून ठेवा, म्हणजे माझ्यासारखे ‘टोलेम’ म्हणत बसायची वेळ येणार नाही. शेवटचा ‘एम’ हा बहुधा म नसतो, तो नाकातला उच्चार असतो. पेडणे, केपे, सांगे यांच्या रोमन रूपात शेवटी ‘एम’ आहे तो यासाठी. ‘एक्स’ म्हणजे श. ‘क्यू-यू’ म्हणजे क, कधी ख. ‘ओ’ पुष्कळदा आपला अ असतो. ळ साठी एक किंवा दोन ‘एल’. ड च्या जागी ‘आर’ सर्रास येतो. पेडणे आणि कुडचडे यांची रोमन रूपे आठवून बघा. आरंभीचा ह गळतो, म्हणून हरमल आणि हळदोणे ही नावे रोमनमध्ये ‘ए’ने सुरू होतात. हे सगळे एकाच नावात बघायचे तर हडफडे घ्या. त्याचे ‘आर्पोरा’ झाले आहे : ह गेला, दोन्ही ड चे र झाले आणि फ चा प.

या खुणांनी अंदाज बांधायचा, निकाल द्यायचा नाही. ‘टोलेम’चे ‘तळें’ मी घरी बसून कदाचित काढलेही असते, पण तिथे कमरेइतके पाणी राहायचे हे कसे काढणार होतो?

कुणाला विचारायचे

बहुतेक जण गावातल्या सर्वांत वृद्ध, शिकलेल्या आणि मानाच्या गृहस्थांकडे जातात. जरूर जा. पण ते ठिकाणांची नावे कमी सांगतात, गावाचा इतिहास जास्त सांगतात. नावे कळतात ती त्या जागेवर पाय झिजवलेल्या माणसाला.

गुरे राखलेला माणूस डोंगराची नावे सांगतो. चढणीवरचा एकेक धोंडा, गुरे पाण्यावर आणायची जागा, सड्यावरच्या पेवल्या सगळे त्याच्या पायाखालचे असते. रेंदेराला (माडाची सूर काढणाऱ्याला) प्रत्येक भाट, म्हणजे माडांची बाग, माहीत असते. मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारांवर) मासे धरणाऱ्याला खाजनातला, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतातला, एकेक खड्डा. पोदेर (पाववाला), पोस्टमन आणि वीज खात्याचा लाइनमन यांना घरांची आजची नावे माहीत असतात, आणि बसच्या कंडक्टरला सगळ्यांत नवी. ‘तिठ्यार’, ‘तिस्कार’, ‘वडाकडेन’, ‘टाकयेकडेन’ अशी हाक तो दिवसातून कितीदा मारतो. वड कधीच तोडलेला असतो आणि स्टॉपचे नाव तेच चालू असते.

बायकांना वेगळे आणि स्वतंत्रपणे विचारा, हे मी आग्रहाने सांगतो. पुरुष शेजारी बसले की त्या गप्प राहतात किंवा “ह्यांनाच विचार” म्हणतात. पाणी, लाकूडफाटा, धुण्याच्या शिळा, रानभाज्या, लावणीचे तुकडे ही सगळी नावे त्यांच्याकडे आहेत. माझ्या वाड्यातल्या झरी-विहिरींची नावे जवळजवळ सगळी बायकांनी सांगितली. लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरचीही नावे येतात, तीही लिहून घ्या. शेजारच्या गावाचे काम सुरू होईल तेव्हा ती कामी येतील.

किनाऱ्यावर असाल तर रापणकारांना (रापणीचे मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना) सोडू नका. समुद्रावर खुणेचा दगड नसतो. अमुक टेकडीचे टोक आणि अमुक माड किंवा इगर्जेची पांढरी भिंत एका रेषेत आली की ‘ती’ जागा. त्या रेषासुद्धा ठिकाणेच आहेत. कुठून बघायचे आणि काय कशाआड येते, दोन्ही लिहा. मधे एखादी उंच इमारत उभी राहिली तर ती खूण कायमची जाते.

विचारायचे कसे

“ह्या जागेचे नाव काय?” असे विचारले की समोरचा सावध होतो. गोव्यात जमिनीचा प्रश्न फार नाजूक आहे. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), कूळ, भाटकार (जमीनमालक), कोमुनिदाद असे कितीतरी वाद घराघरांत अजून जिवंत आहेत, आणि जमिनी विकत घ्यायला येणारी माणसेही आधी नावेच विचारतात. म्हणून पहिल्या भेटीत स्पष्ट सांगा : मालक कोण ते मी विचारणार नाही, लिहिणारही नाही, ही नोंद कोर्टकचेरीसाठी नाही. आणि ते अक्षरशः पाळा. कुणी वादात तुमची वही पुरावा म्हणून मागितली तर हा शब्द आठवा.

नंतर नाव न विचारता दिवस विचारा. लहानपणी सकाळी उठून कुठे जायचा? पाणी कुठून आणायचे? गुरे कुठे सोडायचे, दुपारी कुठल्या सावलीला बसायची? भात कुठे मळायचे? पावसात शाळेत जाताना व्हाळ कुठे ओलांडायचे? रात्री कुठून जायला भीती वाटायची? मयत कुठल्या वाटेने न्यायचे? ज्याला “नावे सांग” म्हटल्यावर पाच आठवतात, तोच माणूस या प्रश्नांनी तासाभरात तीस नावे सांगून मोकळा होतो.

तुम्हाला माहीत असलेले नाव आधी उच्चारू नका. “हें म्हारिंगण न्हय?” म्हटले की समोरचा मान डोलावतो आणि त्याच्या घरात त्याच जागेला असलेले दुसरे नाव पोटात राहते.

चालणे

बसून घेतलेली नावे जागेवर जाऊन पक्की करायची असतात. सांगणाऱ्या माणसाबरोबरच चाला. नाव जागेवर गेल्यावर उलगडते, बलकावावर (घरापुढच्या ओसरीवर) बसून ‘गुंड्याकडेन’ म्हणणारी व्यक्ती तिथे पोचल्यावर म्हणते, “हो न्हय, तो वयलो.”

एक वाडा दोनदा चालायचा. एकदा कापणीनंतर, कार्तिक ते माघाच्या दरम्यान. मेरा मोकळ्या असतात, गवत वाळलेले असते, लोकांना सवड असते. दुसऱ्यांदा आषाढ-श्रावणात, पाऊस थोडा उघडला की. कारण कित्येक नावे चार महिन्यांचीच असतात : फक्त पावसात वाहणारा व्हाळ, सड्यावर साचणारे पाणी, गुडघाभर चिखलाची वाट. उन्हाळ्यात त्या जागेवरून तुम्ही काही न दिसता निघून जाल.

एका फेरीत दोन तासांहून जास्त चालू नका आणि वृद्ध माणसाला चढणीवर नेऊ नका. तिघे असलेले बरे : एक बोलणारा, एक लिहिणारा, एक फोन सांभाळणारा. फोनवर जीपीएसचे आकडे दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत घ्या. पाचवे स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. फोन तेवढा अचूक नसतो, मोकळ्यावर पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतेच आणि कुळागरात किंवा दाट राईत त्याहून जास्त. म्हणून मिनिटभर थांबून मग आकडा घ्या, आणि झाडीत असाल तर तसे नोंदवा. घरी आल्यावर एक सोपी तपासणी करा : गोव्यातला अक्षांश साधारण १४.९ ते १५.८ आणि रेखांश ७३.६ ते ७४.४ यांच्यात असतो. आकडा त्याबाहेर गेला तर लिहिताना चूक झाली आहे.

पण आकड्यावर सगळे सोपवू नका. दिशाही गावच्या भाषेत लिहा. आपल्याकडे कुणी उत्तर-दक्षिण म्हणत नाही. वयर (वर), सकयल (खाली), अलतड (अलीकडे), पलतड (पलीकडे) म्हणतात. ‘मानशीच्या पलतडी, भायल्या बांधाच्या सकयल’ हे वाक्य फोन नसलेल्या माणसालाही तिथे पोचवते.

एक नोंद, पूर्ण

वर सांगितलेल्या तळ्याची माझ्या वहीतली नोंद अशी आहे :

नाव (बोलीत) : तळें. वापरताना ‘तळ्यार’, ‘तळ्यांतलें शेत’.
कागदावरचे रूप : रोमन लिपीत, एक-चौदावरून, अक्षरे जशीच्या तशी उतरवली.
काय आहे : भाताचा सखल तुकडा, सरद पीक.
वाक्य : “तळ्यार लावणी जाली काय?”
कारण, सांगणाऱ्याच्या शब्दांत : पावसात कमरेइतके पाणी राहायचे.
कुणी सांगितले : बाई, सत्तरीच्या पुढच्या, याच वाड्यात लग्न होऊन आलेल्या. आणखी दोघांनी दुजोरा दिला.
कसे जायचे : वडाकडून खाली, मेरेने, दुसऱ्या वळणावर डावीकडे.
ऋतू : दोन्ही फेऱ्यांत पाहिले; पाणी आता राहत नाही.
स्थिती : नाव चालू; चाळिशीच्या आतल्यांना कारण माहीत नाही.
ध्वनिमुद्रण व फोटो : क्रमांक.
कुणाला दाखवायचे : सगळ्यांना.

‘वाक्य’ हा रकाना कधीच गाळू नका. नाव एकटे विचारले की लोक ते सजवून, पुस्तकी करून सांगतात. वाक्यात ते खऱ्या रूपात येते. शिवाय विभक्ती लागल्यावरच कळते की शब्द मुळात कोणता आहे. ‘मानशीर गेल्लों’ ऐकल्यावर कळते की जागा ‘मानस’ आहे.

‘स्थिती’त तीन खाने पुरतात : चालू, फक्त आठवणीत, जागाच गेली.

सांगणाऱ्याचे नाव त्यांनी होकार दिला तरच लिहा. नाहीतर वय, वाडा आणि काम एवढे पुरे.

लिहायचे कसे

आपण घरी कोकणी बोलतो आणि लिहितो मराठी. यातच एक मोह दडलेला आहे. ‘खुरसाकडेन’चे ‘क्रुसाजवळ’, ‘व्हडलें भाट’चे ‘मोठे भाट’, ‘न्हयचें देगेर’चे ‘नदीकाठ’ करून टाकावेसे वाटते. करू नका. लेख मराठीत लिहा, सूची मराठीत करा, अर्थ मराठीत द्या. नाव मात्र तोंडात आहे तसेच ठेवा. अनुस्वार, शेवटचा ओकार, ळ यांतले काहीही सुधारायचे नाही. शेजारच्या वाड्यावर तेच नाव जरा निराळे उच्चारत असतील तर दोन्ही लिहा, कुठले बरोबर ते ठरवत बसू नका.

संस्कृत करण्याचा मोह त्याहून मोठा. चंद्रपूरचे चांदर झाले हे खरेच आहे, पण ते जुन्या लेखांमुळे कळले. आपल्या वाड्याच्या नावामागे कागद नसताना संस्कृत शब्द बसवणे म्हणजे आजीला दुसऱ्याच घरातले नाव देणे. लोक व्युत्पत्ती सांगतील, पांडवांची कथा सांगतील. ती मनापासून ऐका आणि ‘असे सांगतात’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा.

ध्वनिमुद्रणात प्रत्येक नाव दोनदा सावकाश आणि एकदा वाक्यात घ्या. फाइलला तारीख आणि नोंदीचा क्रमांक द्या. हे त्याच संध्याकाळी करा. आठवड्याने बसलात तर कुठला आवाज कुठल्या मेरेवरचा ते कळणार नाही.

जमिनीचे आणि पाण्याचे शब्द

नावाचा अर्धा भाग बहुतेक वेळा जमिनीचा प्रकार असतो आणि तो ओळखता आला की नोंदीत जीव येतो. मोरड म्हणजे उंचावरची, पावसावरची शेते. खेर म्हणजे रेताड जमीन. सरद हे पावसाळी भात आणि वायंगण हे त्यानंतरचे. या दोन पिकांची नावे तुकड्यांनाही चिकटतात. भाट, कुळागर, आगर, मळ, सडा, माळ, भरड ही तर रोजचीच. पण प्रत्येक गावात त्यांचा अर्थ थोडा सरकतो. एका ठिकाणी आगर म्हणजे माडांचे, दुसऱ्या ठिकाणी मिठाचे. म्हणून कोशातला अर्थ न देता तुमच्या गावातला अर्थ द्या.

खाजन हे तर स्वतंत्र जग आहे. नदीच्या भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि आत कोरगुट, आस्गो यांसारखी खारे सोसणारी भाते पिकवायची. बांधात मानस बसवलेली असते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी ती ढकलून उघडते. या एका रचनेभोवती किती नावे आहेत पाहा : मानस, तिच्या तोंडाशी पाण्याने खणलेला खोल भाग, आतली पोंय (पाण्याचा साठा), भायलो बांध, भितरलो बांध, कधीतरी बांध फुटला होता ती जागा. ती फुटलेली जागा आवर्जून विचारा. दुरुस्ती कुठे करावी लागते ते नावातच सांगून ठेवलेले असते, आणि खाजनाची देखभाल ढिली पडली आहे त्या गावांत ही माहिती फार मोलाची आहे.

पाण्यासाठी झर, व्हाळ, कोंड, बांय (विहीर), तळी हे शब्द वेगवेगळे ठेवा. झरीच्या नोंदीत मे महिन्यात पाणी असते का, ते लिहा. साव जांवला (सेंट जॉनच्या सणाला), २४ जूनला, तरुण मंडळी ज्या बांयत उड्या घालतात तिचे नाव त्या दिवशी सगळ्या वाड्याच्या तोंडी असते. विचारायला तो दिवस चांगला.

देव, राखणदार, खुरीस

गावचे सर्वांत जुने तोंडी नकाशे म्हणजे गाराणें आणि नमन. गाराण्यात गावकर क्रमाने हाक घालतो : सातेरी, रवळनाथ, वेताळ, मग वाड्यावाड्यावरचे देवचार, राखणदार, शिमेवरचे. हा क्रम अनेकदा जमिनीवरच्या वाटेचाच असतो. धालोचा मांड (खेळायची जागा), शिगम्याचा मांड, पालखी थांबते ती प्रत्येक पेडी, होमखंडाची जागा हे सगळे नोंदीत यायला हवे. तसेच प्रत्येक खुरीस आणि कपेल (छोटे प्रार्थनास्थळ) : त्यावरचे साल, लादाईन कोणत्या दिवशी, कोणते वाडे एकत्र येतात. कणसांच्या फेस्ताला कणसे ज्या शेतातून कापतात त्या शेताचे नावही घ्या. ताळगावात हे फेस्त २१ ऑगस्टला असते.

इथे ध्वनिमुद्रण यंत्र बाहेर काढण्यापूर्वी परवानगी. गाराणें ही प्रार्थना आहे. गावकरांना आधी घरी जाऊन भेटा. नको म्हणाले तर मुकाट्याने ऐका आणि नंतर त्यांच्यासमोर बसून फक्त ठिकाणे लिहा. राईंच्या बाबतीत आणखी सांभाळा. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय आज अभ्यासकांना माहीत आहे. तुमच्या गावच्या छोट्या राईचे अचूक आकडे मात्र गावाला विचारल्याखेरीज बाहेर देऊ नका. एखाद्या वीरगळाचे किंवा जुन्या मूर्तीचे तर मुळीच नाही, त्या चोरीला जातात. म्हणूनच नोंदीत ‘कुणाला दाखवायचे’ हा रकाना आहे : सगळ्यांना, फक्त गावाला, कुणालाही नाही.

दुसरी काळजी वाड्यांच्या नावांची. काही वाड्यांना जातीवरून पडलेली नावे आहेत आणि ती बहुधा बाहेरच्यांनी दिलेली असतात. तिथे राहणाऱ्यांना विचारा, तुम्ही आपल्या वाड्याला काय म्हणता. नकाशावर तेच नाव मुख्य. दुसरे नाव जुन्या कागदात असेल तर ते फक्त वहीत, कागदाचा उल्लेख करून.

गेलेली नावे

साळावली धरणात बुडालेले कुर्डी गाव दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की वर येते. वाडें आणि वालकिणीला वसवलेले कुर्डीकर तेव्हा परत येतात, देवाला आणि कपेलला जातात. चौथऱ्याशिवाय काही उरलेले नसताना घर कुणाचे, वाट कुठली, बांय कुठे, हे ते बोटाने दाखवू शकतात. जागा गेली तरी नाव काही काळ माणसांत राहते, पण तेवढाच काळ.

तुमच्या गावात धरण नसेल; खाण असेल, हमरस्ता असेल, कुंपण घातलेली वसाहत असेल आणि तिच्या फाटकावर नवेच नाव असेल. अशी ठिकाणे यादीत सर्वांत आधी घ्या. मूळ जागेवर जाता येत नसेल तर जवळात जवळ उभे राहून दिशा आणि अंतर लिहा, आणि ‘जागाच गेली’ अशी खूण करा. नवे नावही लिहा. आणखी पन्नास वर्षांनी तेही कुणीतरी विचारील.

नकाशा आणि जतन

वही हीच मूळ प्रत. तिच्यावरून संगणकावर तक्ता करा, युनिकोड मराठीत. जुन्या फाँटात टंकलेले कागद पुढे उघडत नाहीत. त्यांच्यापायी माझे एका पावसाळ्याचे काम पुन्हा टंकावे लागले आहे. ‘सगळ्यांना’ अशी खूण असलेली नावे ओपनस्ट्रीटमॅपवर चढवता येतात. तिथे मुख्य नाव, मराठी नाव, कोकणी नाव, जुने नाव, स्थानिक नाव असे वेगळे रकाने आहेत, त्यामुळे एका नावासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागत नाही. दुसऱ्याच्या छापील किंवा ऑनलाइन नकाशावरून नावे उचलून तिथे टाकू नका. आपण चालून आणलेली तेवढीच.

पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे २००२ च्या कायद्याखाली लोक जैवविविधता नोंदवही असते. झरी, राई, खाजने यांची नावे तीत घालून घ्या. आणि वाड्यावरची दहा-पंधरा ठळक ठिकाणे एका कागदावर मोठ्या अक्षरांत, घराघरांत फोनजवळ लावायला द्या. रात्री १०८ला फोन केल्यावर “तिस्कावरून खाली, खुरसाकडून उजवीकडे” हे वाक्य घाबरलेल्या माणसाला आयते मिळाले पाहिजे.

शेवटी सगळी यादी वाड्याला वाचून दाखवायची. देवळाच्या मंडपात किंवा कपेलसमोर, रविवारी संध्याकाळी, सावकाश, एकेक नाव. लोक मधेच थांबवतील, भांडतील, “तें हांगा न्हय” म्हणतील. सगळे तिथल्या तिथे लिहून घ्या. माझ्या वाड्यात पहिल्या वाचनाला एकवीस नावे नव्याने आली आणि चार ठिकाणे मी चुकीच्या मेरेवर दाखवली होती हे कळले. दुरुस्त प्रतीच्या छापील प्रती काढा : एक शाळेत, एक पंचायतीत, एक देवळात, एक पाद्रीकडे. प्रत्येक प्रतीच्या शेवटी दहा कोरी पाने बांधा आणि सुतळीने पेन लटकवून ठेवा.